साठवणे मास्तरांची पेन्सिल

"दातात धर. चावू नको, नुसती धर," साठवणे मास्तर म्हणाले.

मी पेन्सिल दातात धरली. तिचं दुसरं टोक त्यांनी टेबलावरच्या पितळी साउंडरवर टेकवलं. साउंडर म्हणजे तार घ्यायचं यंत्र. लांबच्या ऑफिसात कुणी की, म्हणजे तार पाठवायची कळ, दाबली की यातली पट्टी कट्टकन खाली बसते आणि की सोडली की पुन्हा वर येते. दोन आवाजांत अंतर थोडं असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. मास्तरांनी शिकाऊंच्या कीवर बोट ठेवलं आणि माझ्या जबड्यात, पार दाढांच्या मुळाशी, कुणीतरी टकटक केलं.

"आलं?"

पेन्सिल दातात असताना हो म्हणता येत नाही. मी मान हलवली.

"हे ए. एक टिंब, एक रेघ. आता जन्मात विसरणार नाही तू."

नाही विसरले. आज मला एकाहत्तरावं चालू आहे, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, पण ए अजून दाढेत आहे.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. धामणीखेडच्या बाजारओळीत बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मॅट्रिक झाल्यापासून मी तिथेच बसायची. गावातली जिनिंग फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिथले आठ जुने टेलिफोन बाबांनी भंगारात उचलले होते. काळे, जड, हँडल फिरवून घंटी वाजवायचे. मी आठही उघडले. कुणाचा मायक्रोफोन, कुणाची घंटी, कुणाची वायर असं जोडत जोडत आठांतून तीन बोलते केले. एक आमच्या माजघरात, एक गल्लीपलीकडे मैत्रिणीकडे, तिसरा दुकानात. आम्ही दोघी त्यावर बोलायचो काय, तर "आज भाजी कोणती?" खिडकीतून ओरडलं असतं तरी भागलं असतं, पण त्यात मजा नव्हती.

दुकानात मात्र माझी किंमत शून्य. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, बाबा कधी येतील? मी म्हणायची, दाखवा, मी बघते. ते म्हणायचे, राहू दे बाई, संध्याकाळी येतो. मग तो रेडिओ संध्याकाळी बाबा घ्यायचे, दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत दुरुस्त करायची आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बाबांच्या हाताची तारीफ करत घेऊन जायचं. बाबांना वाईट वाटायचं. मला त्याहून जास्त वाटायचं. माझ्या नावाची एक खुर्ची असावी आणि तिथलं काम कुणाच्या आडून करावं लागू नये, एवढंच मला हवं होतं.

एके दिवशी साठवणे मास्तर दुकानात आले. गावचे तारमास्तर. शिडशिडीत, पांढरा शर्ट, बोलणं इतकं हळू की समोरच्यानेच पुढे वाकावं. त्यांना टेलिफोनचा कानाशी धरायचा भाग पाहिजे होता, आवाज जरा मोठा करून. मावशीला कमी ऐकू येतं, म्हणाले. मी दोन बॅटऱ्या जोडून एक सिद्ध केला, मायक्रोफोन तोंडाशी धरून बोलायला लागले. मास्तर तो कानाला लावून म्हणाले, अजून मोठा होत नाही का? मी अजून मोठ्याने बोलले. शेवटी इतकी ओरडले की काय झालं म्हणून बाबा मागच्या खोलीतून धावत आले. मास्तरांनी आमच्याकडे पाठ केली आणि तो भाग हळूच कानामागच्या हाडाला टेकवला. त्यांचा चेहरा मला समोरच्या काचेत दिसला. लहान मुलासारखे हसले ते. मग वळून म्हणाले, मावशीला नाही चालायचं हे, आणि निघून गेले.

ज्या मावशीसाठी वस्तू घ्यायची, तिला न दाखवताच ती चालणार नाही हे यांना कसं कळलं? माझ्या डोक्यात ते घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी कार्ड घ्यायच्या निमित्ताने मी पोस्टात गेले. तारेचं टेबल कोपऱ्यात होतं. मास्तर तार घेत होते. डाव्या हातात पेन्सिल, ती दातांत, दुसरं टोक साउंडरवर, आणि उजवा हात फॉर्मवर झरझर चाललेला. मी त्यांच्या मागे गेले आणि काउंटरवरचं पितळी वजन खाली ढकललं. अख्खं पोस्ट दचकलं. मास्तरांचा हात अडखळलासुद्धा नाही.

दचकलेल्यांत उकंडाजी होता. तार वाटणारा शिपाई. त्याने वजन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि मला व्हरांड्यात नेलं.

"समजलं तुले?" तो म्हणाला. "समजलं तं पोटात ठेव. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई."

त्याने मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपासून मास्तरांचे कान गेले होते. आपल्या ऑफिसची खूण साउंडरवर वाजली की उकंडाजी मास्तरांच्या खुर्चीला हळूच पाय लावायचा. काउंटरवर कुणी तार द्यायला आलं की तोच सगळं विचारून घ्यायचा आणि मास्तरांसमोर उभा राहून, तोंड नीट उघडून पुन्हा म्हणायचा. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात. मास्तरांचं उलटं होतं. त्यांना स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू यायचा, म्हणून ते हळू बोलायचे, आणि म्हणूनच गावात कुणाला संशय आला नव्हता.

तेवढ्यात मास्तरच बाहेर आले. उकंडाजीच्या चेहऱ्यावरून त्यांनी काय ते ओळखलं असावं.

"माझे सोळा महिने राहिले," ते म्हणाले. "कान गेलेले समजले तर मला खिडकीवर बसवतील, पोस्टकार्डं विकायला. तिथे लोक बोलतात. मी दिवसभर 'काय? काय?' करत बसीन आणि लोक हसतील. कीवर मी बहिरा नाही पोरी."

मी म्हणाले, कुणाला सांगणार नाही. आणि मग, अशा वेळी विचारू नये तरी विचारलंच, की मला हे शिकवाल का? ते माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "उद्या साडेतीनला ये. त्या वेळेला लाइन मोकळी असते."

अशी मी शिकले. मास्तरांना दातांनीच ऐकू येत होतं, म्हणून मलाही त्यांनी दातांनीच शिकवलं. नुसत्या कानाने घ्यायला नंतर आलं मला, पण वेग वाढला की मी आपसूक पेन्सिलीकडे वळायची. "कानात बाजार भरलेला असतो," मास्तर म्हणायचे. "दातात फक्त तार." घरी मी टेलिफोनच्या घंटीच्या लोखंडाचा साउंडर केला, त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा डबा बांधला आणि आई पोळ्या लाटायची त्या ओट्यावर बसून टकटक करायची. आई म्हणायची, सुतारपक्षी पाळलाय घरात.

आठ महिन्यांत मी मिनिटाला अठरा शब्द घ्यायला लागले. आणि अगदी ध्यानीमनी नसताना पेपरात जाहिरात आली. नागपूरला वायरलेस ऑपरेटरच्या सहा जागा. मुलींनीही अर्ज करावा. अट मिनिटाला बारा शब्द.

जाहिरात मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा मास्तरांनी मला मोठ्याने वाचायला लावली, म्हणजे त्यांना ओठ बघता आले. मग ते म्हणाले, "बारा? हा तर तुझ्या डाव्या हाताचा मळ." त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. तीस वर्षांत त्यांच्या हाताखाली तयार झालेलं कुणी खुर्चीवर बसलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. मास्तरांनी जन्मभर तारेवर काम केलेलं. वायरलेस त्यांनी कधी घेतलं नव्हतं, आणि मला तर त्यांनी शिकवलं तेवढंच जग. नागपूरला परीक्षेच्या खोलीत बसले, हेडफोन कानाला लावले आणि ऐकते तर कट्ट नाही, टक नाही, नुसती शिट्टी. बारीक, लांब, आखूड शिट्टी. मी इतके महिने दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलेलं. इथे ठोकेच नव्हते. माझी पाचावर धारण बसली. पहिली फेरी संपली तेव्हा माझ्या कागदावर एकूण सात अक्षरं होती आणि त्यांतली चार मी अंदाजाने लिहिलेली.

फेऱ्या दोन होत्या, त्यांतली चांगली धरणार होते. मधल्या दहा मिनिटांत बाकीची मुलं पाणी प्यायला गेली आणि मी हेडफोन हातात घेऊन बसले. त्याचं झाकण टेलिफोनच्या झाकणासारखंच आट्यांचं होतं. मी ते फिरवलं. आत तीच पातळ लोखंडी चकती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला पेन्सिलीचा. एक टोक चकतीवर, एक दातात. दुसरी फेरी सुरू झाली, आणि शिट्टी सुरू होताना एक धक्का, संपताना एक धक्का, असे दोन ठोके माझ्या दाढेत आले. अगदी घरचे. मी पाच मिनिटं मान वर केली नाही. एकही अक्षर गेलं नाही.

परीक्षा घ्यायला हरकरे साहेब होते. मूळचे तार खात्यातले निरीक्षक, आमच्या पोस्टातल्या तारेच्या टेबलाची तपासणीही तेच करायचे. सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. टेबलावर माझा कागद होता आणि तो उघडलेला हेडफोन.

ते रागावले नव्हते. हेडफोन परत नीट लावून दे म्हणाले, मी लावून दिला. मग त्यांनी माझा अर्ज समोर ओढला.

"धामणीखेड," ते म्हणाले. "दर तपासणीला साठवण्यांच्या तोंडात पेन्सिल असते. मला वाटायचं, विडी सोडली असेल म्हणून चघळतात. आज तुला बघितलं तेव्हा समजलं. खरं सांग, साठवण्यांना ऐकू येत नाही ना?"

मास्तरांचे सात महिने राहिले होते. मी मनात मोजले. नाही म्हणून भागणार नव्हतं, कारण पेन्सिल होती आणि साहेबांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. तिला काहीतरी कारण द्यायलाच हवं होतं.

"मास्तरांचे कान ठणठणीत आहेत, साहेब," मी म्हणाले. "मलाच कमी ऐकू येतं. माझ्यासाठी त्यांनी ही युक्ती काढली. मला दाखवायला म्हणून ते स्वतः तशी धरतात."

"आत्ता तर ऐकू येऊन राहिलं तुला."

"तुमच्या ओठांवरून, साहेब."

त्यांनी माझा कागद पुन्हा एकदा पाहिला. मग उठून खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून, बाहेर बघत म्हणाले, "वडिलांचं नाव काय तुझ्या?"

मी ऐकलं. माझ्या बाबांचं नाव माझ्या जिभेवर आलं. मी ओठ मिटून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

ते वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत नुसती कीव होती. ती मला थपडेसारखी लागली. "ऑपरेटरला कान लागतात, बेटा," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम मोठ्याने, तोंड उघडून म्हटलं. माझ्या अर्जावर त्यांनी एक ओळ लिहिली. बसमध्ये मी धामणीखेडपर्यंत रडले.

मास्तरांना सांगितलं, नाही झालं, पहिल्याच फेरीत घसरले. ते तर खरंच होतं. पण अठरा घेणारी मुलगी बारात कशी घसरते हे काही त्यांना उमजेना. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, साडेतीनला येत जा, हात सुटता कामा नये.

बातमी गावात यायला आठवडाही लागला नाही. परीक्षेला आमच्या तालुक्याचा आणखी एकजण होता. माझ्या अर्जावरची साहेबांची ओळ त्याने वाचली आणि गावभर केली, ठोसरांची कुमुद बहिरी आहे. बाजारात भाजीवाल्या माझ्याशी ओरडून बोलायला लागल्या. शेजारच्या काकू माझ्यासमोरच आईला म्हणाल्या, तरीच हाक मारली की ओ देत नाही. बाबा संतापले, कोण म्हणतो ते सांगा म्हणून दुकानाच्या फळीवर उभे राहून भांडले. मी त्यांना खरं सांगितलं नाही. मला मनातून जरा बरंही वाटत होतं. कुणासाठी तरी आपण एवढं केलं, याचीही एक ऊब असते. आणि गंमत म्हणजे, सबंध गावात ती बातमी न ऐकलेला एकच माणूस होता.

दीड महिन्याने हरकरे साहेब तपासणीला आले. दुपारची वेळ, मी कोपऱ्यात शिकाऊ कीवर बसलेले. त्यांनी रजिस्टरं पाहिली, चहा घेतला. निघताना ते मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साठवणे, त्या बहिऱ्या मुलीला तुम्ही ज्या हिकमतीने शिकवलं, तसं कुणी करणार नाही. जागा देता आली नाही याचं मला वाईट वाटतं." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि आपल्या कानाला हात लावला. मास्तर हसून मान डोलावत राहिले, साहेबांसमोर नेहमी डोलावायचे तशी. उकंडाजी मास्तरांपुढे येऊन पुन्हा सांगेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत साहेबांची बॅग उचलत होता. दोघं बसस्टँडकडे गेले.

मास्तर खुर्चीत बसले. हसू गेलेलं होतं.

"काय सांगून आली तू नागपूरला?"

मी म्हणाले, काही नाही.

"साहेबांच्या ओठांवर 'मुलगी' होतं. त्याच्या आधी 'बहिरी' होतं. तो शब्द मला लांबून ओळखता येतो, कुमुद."

मग मी सगळं सांगितलं. त्यांच्या समोर बसून, तोंड नीट उघडून. हेडफोनचं, पेन्सिलीचं, साहेबांनी पाठ फिरवून बाबांचं नाव विचारलं त्याचं. ते एकटक माझ्या ओठांकडे बघत होते.

"म्हणजे दुसऱ्या फेरीत?"

"एकही चूक नाही."

"एकही नाही," ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर असा अभिमान आला की मला वाटलं, संपलं, एवढ्यावर भागलं.

त्यांनी कोरा फॉर्म ओढला नाही. सरळ कीवर हात ठेवला आणि नागपूरच्या ऑफिसची खूण वाजवली. तिकडून उत्तर आलं. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते, कीपासून वीतभर अंतरावर. आता मला पेन्सिल लागत नव्हती. शांत दुपारी साउंडरचा प्रत्येक ठोका कानात स्पष्ट पडत होता. हरकरे, नागपूर. मुलीचे कान उत्तम. बहिरा मी आहे. चार वर्षांपासून. तिची जागा तिला द्यावी. साठवणे. साहेबांची बस नागपूरला पोचायच्या आधी ती तार त्यांच्या टेबलावर पोचणार होती.

पुढच्या महिन्यात मला नेमणुकीचं पत्र आलं. बदललेल्या खुर्च्या दोन होत्या. मास्तरांना खिडकीवर बसवलं आणि उरलेले महिने ते पोस्टकार्डं विकत बसले. मी नागपूरला निघाले त्या सकाळी त्यांना भेटायला गेले, तेव्हा एक बाई काचेवर हात आपटून ओरडत होती, पाच लिफाफे, पाच, बहिरे आहात का, आणि रांगेतले लोक हसत होते. मास्तरांनी मला पाहिलं. हाताने जा म्हणाले, बस चुकेल.

मी छत्तीस वर्षं त्या खुर्चीवर काढली. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, मुलांना, सुनांना, निरोप समारंभात भर सभेत सुद्धा. पण हरकरे साहेबांनी पाठ फिरवून बाबांचं नाव विचारलं तिथपर्यंतच. तिथे लोकांचे डोळे भरून येतात आणि मी थांबते.

मास्तर मिनिटाला पंचवीस शब्द पाठवायचे. ती तार त्यांनी पाचाच्या वेगाने पाठवली, पहिल्या दिवशीच्या शिकाऊला पाठवावी तशी, एकेक अक्षर सुटं करून. तिकडच्या माणसाने दोनदा विचारलं, आजारी आहात का? मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नाही. प्रत्येक शब्दानंतर ते थांबायचे आणि मान वळवून माझ्याकडे बघायचे. मी नुसता तळहात कीवर ठेवला असता तरी तार थांबायला पुरलं असतं. 'बहिरा' झालं, 'मी' झालं, 'आहे' झालं. ते बघत राहिले, आणि मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले.